ठाव नसलेल्या पाण्यात



गेल्या उन्हाळ्यात मिरजगावच्या शिवारातील एका वस्तीवर अकरा वर्षांच्या एका मुलाला मूठमाती देण्याचा प्रसंग माझ्यावर आला. शेळ्यांसाठी बादलीभर पाणी काढावे म्हणून तो शेततळ्याच्या कडेवरून आत उतरला होता. शेततळ्यास आतून प्लास्टिकचे जे अस्तर घालतात, आणि ज्यास आपले शेतकरी नुसते 'कागद' म्हणतात, ते ओले होऊन त्यावर शेवाळ धरले म्हणजे माणसाचे तर राहोच, शेळीचेही पाऊल त्यावर ठरत नाही. मुलगा घसरला. पाणी दोन परसांपेक्षाही कमी होते, कड चार हातांवर होती आणि वस्तीवरील माणसे हाकेच्या अंतरावर कांदा भरीत होती. पण हाक कोणासच ऐकू आली नाही.

कबरेपाशी जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने रीतीप्रमाणे म्हटले, "त्याची वेळ भरली होती." अशा वेळी समाधानाचे जे शब्द बोलण्याचा प्रघात आहे, तसे काही शब्द मीही बोललो. तेव्हा त्या मुलाची आई, जिने सकाळपासून तोंडातून अवाक्षर काढले नव्हते, ती मान वर करून मला म्हणाली, "पाळकबाबा, त्याला कुणी पवायला शिकवलं असतं, तर मंग बी त्याची येळ भरली असती का?"

मजजवळ उत्तर नव्हते. घरी येताना आणखी एक गोष्ट मनास टोचू लागली. त्या घटकेस मी स्वतः जरी तळ्याच्या कडेवर उभा असतो, तरी माझा काडीइतका उपयोग झाला नसता. कारण चव्वेचाळीस वर्षांचे वय होऊनही मला पोहता येत नव्हते.

त्या माऊलीच्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. तो प्रश्न केवळ पाण्याचा नाही. जे संकट मनुष्याच्या ज्ञानाने टळू शकते, त्यास दैव अथवा देवाची इच्छा म्हणणे योग्य आहे काय, हा त्याचा एक भाग होय. आणि ज्याच्या पायाखालचा ठाव सुटला आहे अशा मनुष्याने विसंबावे किती व धडपडावे किती, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर मला प्रथम सापडले, आणि तेही एका विहिरीत. म्हणून तेथूनच आरंभ करितो.

आपल्या भागात पोहणारी माणसे थोडी का, याचे एक कारण उघड आहे. कर्जत तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. सीना नदी वर्षातून बहुतेक काळ वाळूच दाखविते, आणि निमगाव गांगर्ड्याचे धरण भरले की तो आनंदाचा विषय होतो. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, अशा सालांवरूनच आपल्या घराण्यांच्या आठवणी मोजल्या जातात. ज्या गावी पिण्याच्या पाण्याची भ्रांत, त्या गावी पोहण्याची हौस कोठून येणार?

दुसरे कारण इतके उघडपणे बोलले जात नाही. पूर्वी गावातील मुले विहिरीत पोहावयास शिकत. पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून बाप अथवा चुलता मुलास पाण्यात सोडी, आणि दोन उन्हाळ्यांत मुलगा तयार होई. परंतु आपणांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस त्या विहिरीच्या पायरीस पाय लावण्याचीही मनाई होती. ज्यास ओंजळभर पाणी वरून ओतून घ्यावे लागे, त्याने पाण्यात उतरावे कसे? महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे करण्याचा ठराव झाला. आणि तो ठराव कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. २६ जानेवारी १९५० पासून तर देशाच्या राज्यघटनेनेच विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांवरील ही बंदी मोडून काढिली. कायद्याने पाणी मिळाले. परंतु बापाने मुलास शिकवावयाची विद्या कायद्याने एका दिवसात मिळत नाही. माझ्या आजोबांस पोहता येत नव्हते, म्हणून माझ्या वडिलांस येत नव्हते, आणि म्हणून मला. बंदी उठल्यावरही तिची सावली तीन पिढ्या पडून राहते, ती अशी.

मुलास मूठमाती दिल्यानंतर आठवड्याने मी शेजारच्या मळ्यातील एका वृद्ध शेतकऱ्याकडे गेलो. सारा गाव त्यांस तात्या म्हणतो. सत्तरी उलटली आहे, पण अजून विहिरीत उडी घेतात. मी येण्याचे कारण सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या आज्याला आमच्या आज्यानं ह्याच हिरीवरनं हाकललं हुतं. आमच्या घरात ही गोष्ट सांगत्यात." मी म्हणालो, "आमच्याही घरात सांगतात, तात्या." त्यावर ते कासरा हातात घेऊन उठले आणि म्हणाले, "मग चला, उतरा."

माझ्या कमरेस कासरा बांधून व पाठीस रिकामा, झाकण घट्ट लावलेला तेलाचा कॅन बांधून त्यांनी मला पाण्यात घेतले. विहीर चार परस खोल. पहिल्या दिवशी पायाखालची शेवटची पायरी सुटली, त्याबरोबर माझी सारी विद्या, सारे धर्मशास्त्र व वयाचे गांभीर्य माझ्यातून निघून गेले. शिडी चढावी तसे मी हातपाय वर वर फेकू लागलो, मान उंच ताणू लागलो, आणि जितका अधिक वर येऊ पाहिले तितका अधिक खाली गेलो. नाकातोंडात पाणी गेले. तात्यांनी कासऱ्याने मला कडेस ओढून घेतले व म्हणाले, "तुम्ही पाण्यावर चढून बसाया बघताय. तसं पानी कुनाला बसू देत न्हाई. पाण्यात बसा."

या एका वाक्यात मला जे शिकावयाचे होते ते सर्व होते, हे पुढे ध्यानात आले. यामागील शास्त्र असे. मनुष्याचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते. छाती श्वासाने भरलेली असता बहुतेक माणसे पाण्याहून किंचित हलकीच असतात. म्हणून स्थिर उभा राहिलेला मनुष्य तळास न जाता कपाळाच्या अथवा डोळ्यांच्या आसपास पाणी येईल इतका तरंगतो. उणीव राहते ती नाकतोंड वर काढण्यापुरती, म्हणजे चार बोटांची. पण शरीराचा जो भाग पाण्याबाहेर येतो, त्याचा भार पाणी उचलीत नाही. एकट्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलोच्या घरात असते. त्यात भीतीने मान, खांदे व दोन्ही हात वर काढिले, म्हणजे तो सर्व भार खालच्या शरीरावर येतो आणि मनुष्य बुडतो. "बुडत्याचा पाय खोलात" ही आपली म्हण या अर्थाने अक्षरशः खरी आहे.

मग उभ्याने पोहण्याची रीत काय? हनुवटी पाण्यास टेकलेली, तोंड जरा आभाळाकडे, छाती भरलेली. हात पाण्याच्या आतच ठेवून, पसरलेले धान्य तळहातांनी इकडून तिकडे सारावे तसे ते बाहेर व आत फिरवावे. पाय सायकल चालविल्याप्रमाणे, पण सावकाश फिरवावे. जोर करावयाचा नाही, थांबावयाचेही नाही. श्वास खोल घ्यावा, थोडा वेळ छातीत ठेवावा व झटकन सोडून पुन्हा घ्यावा. दमल्यास मान मागे टाकून उताणे व्हावे. इतकेच. याने मनुष्य कोठेही जात नाही. ज्या जागी आहे त्याच जागी राहतो. पण जिवंत राहतो.

बारा दिवसांनी कासरा ढिला सोडून तात्या कडेवर बसले व मी चार परस पाण्यावर एकटा राहिलो. कॅन काढून टाकण्यास आणखी आठवडा लागला. प्रथम दम मोजला तेव्हा वीस आकडे होईपर्यंत टिकलो. आता पाच मिनिटे राहू शकतो. माझ्याहून लहान वयाची मुले याहून पुष्कळ अधिक करितात, तेव्हा यात मिरविण्यासारखे काही नाही.

परंतु त्या पाण्यात असताना मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिसले. आपल्या मंडळ्यांतून दोन प्रकारचे उपदेश ऐकू येतात. एक सांगतो की सर्व भार देवावर टाका व स्वस्थ रहा. दुसरा सांगतो की देवाने हातपाय दिले आहेत, ते हलवा. दोघेही आपापल्या बाजूस वचने लावितात, आणि श्रोता घरी जाऊन ज्या दिवशी जे सोयीचे ते निवडतो. पाण्यात मात्र हा वाद चालत नाही. जो नुसता विसंबतो, त्याचे नाक चार बोटे पाण्याखाली राहते. जो नुसत्या स्वतःच्या बळावर वर चढू पाहतो, तो दोन मिनिटांत थकून बुडतो. शरीराचा बहुतेक सर्व भार पाणीच वाहते, मनुष्यास केवळ अल्पसा भार वाहावयाचा असतो. मात्र तो अल्पसा भार दुसरे कोणी वाहत नाही, आणि तो क्षणभरही खाली ठेविता येत नाही. वाहणारे पाणी आपण निर्माण केलेले नाही हे ओळखणे, यास मी विश्वास म्हणतो. आणि आपल्या वाटणीचा भार हलका आहे म्हणून तो टाकून न देणे, यास कर्तव्य. पेत्र लाटांवर चालू लागला व वारा पाहून बुडू लागला, ही कथा आपण मुलांस सांगतो. तो व्यवसायाने मासे धरणारा होता, पाण्यास परका नव्हता. तरी भीतीने त्याची गती आपल्यासारखीच झाली. हे वाचून मला आता पूर्वीपेक्षा अधिक धीर येतो.

येथे दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या आयुष्यातील पुष्कळ दिवस पोहण्याचे नसतात, उभ्याने तरंगण्याचे असतात. पाऊस गेला, विहीर आटली, सोसायटीचे कर्ज थकले, घरात दीर्घ दुखणे शिरले, मुलगा शिकून घरी बसला, अशा काळी तीर दिसत नाही. मनुष्य वर्षाअखेर हिशेब पाहतो तो पाऊलभरही पुढे गेलेला नसतो. आणि मग तो स्वतःस निकामी समजू लागतो. आपल्या जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांनी या एका समजुतीपायी प्राणास मुकावे! मी म्हणतो, ज्या वर्षी दुष्काळ होता त्या वर्षी तू बैल विकले नाहीस, मुलीची शाळा सोडविली नाहीस, दारू जवळ केली नाहीस, आणि तुझे तोंड पाण्याच्या वर राहिले, तर तू त्या वर्षी मोठे काम केले आहेस. बाहेरून पाहणाऱ्यास तू जागच्या जागी दिसलास. पाण्याखाली तुझे पाय किती वेळा फिरले ते त्यास काय ठाऊक?

येथे विचारी वाचक एक हरकत घेईल, आणि ती न्याय्य आहे. तो म्हणेल, "पाळकसाहेब, गरिबास व पीडितास 'जागच्या जागी तरंगत रहा' असे सांगणे फार सोपे आहे. आमच्या आजोबांसही असेच सांगितले गेले. ज्यांनी त्यांस विहिरीवरून हाकलले, तेही म्हणत, आहात तेथे समाधान माना. मग तुमच्या उपदेशात व त्यांच्या उपदेशात भेद काय?"

भेद पुढीलप्रमाणे आहे. उभ्याने तरंगणे हा मुक्काम नव्हे. ते शिकवितात ते याकरिता की मनुष्याचा दम राहावा, कडा कोणीकडे आहे हे त्यास पाहता यावे, आणि हाक मारण्यास त्याचे तोंड मोकळे असावे. अमेरिकेतील फ्रँक पिया नावाच्या एका जीवरक्षकाने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात बुडणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण करून एक गोष्ट दाखवून दिली. खरोखर बुडत असलेला मनुष्य ओरडत नाही, हातही हलवीत नाही. कारण त्याचे तोंड श्वासापुरतेही पुरते वर येत नाही, मग त्याने हाक कशी मारावी? अशा स्थितीत तो फार तर वीस ते साठ सेकंद वर दिसतो आणि मग जातो. आमच्या वस्तीवरील मुलाची हाक कोणास का ऐकू आली नाही, हे मला या माहितीने समजले. हाक निघालीच नव्हती.

तेव्हा जो तरंगतो त्यालाच हाक मारिता येते. महाडच्या तळ्याकडे जे हजारो चालत गेले, ते हताश झालेले लोक नव्हते; पिढ्यान्‌पिढ्या अपमानाच्या पाण्यात ज्यांनी आपले तोंड वर ठेविले होते, ते लोक होते. म्हणून 'समाधान मान' म्हणणारा आणि 'दम राख' म्हणणारा हे एक नव्हेत. पहिल्यास बुडणाऱ्याने गप्प बसावयास हवे असते. दुसरा त्यास हाक देण्यास समर्थ करितो, आणि स्वतः कासरा घेऊन कडेवर बसतो. जो कासरा न घेता नुसता उपदेश करितो, त्याच्या उपदेशास काडीची किंमत देऊ नये. यात मी पाळकांस व उपदेशकांस वगळीत नाही.

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे वळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी २५ जुलै हा दिवस बुडण्याचे मृत्यू टाळण्याच्या कार्यासाठी नेमून दिला. जर बुडणे केवळ वेळ भरण्याने होत असेल, तर वेळ गरिबांच्याच मुलांची अधिक का भरावी? शेजारच्या बांगलादेशात खेडोपाडी तळ्यांत बांबूचे मांडव बांधून मुलांस शिकविण्याचे काम चालले आहे. पंचवीस मीटर पोहणे, तीस सेकंद जागच्या जागी तरंगणे व दुसऱ्यास पाण्यात न उतरता वाचविणे, एवढीच त्यांची परीक्षा. जी मुले हे शिकली, त्यांच्यात बुडण्याचे मृत्यू पुष्कळ कमी झाल्याचे तेथे आढळून आले. ज्या मृत्यूस तीस सेकंदांच्या विद्येने अडविता येते, त्याचा दोष दैवावर टाकणे म्हणजे आपल्या हातून न झालेल्या कामाची जबाबदारी स्वर्गावर ढकलणे होय. म्हणून त्या मातेस माझे उत्तर, उशिरा का होईना, असे आहे: "नाही, बाई. आम्ही त्यास शिकविले नव्हते."

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण मृत्युमुखी पडले. एक जण पोहत तीरास लागला. त्याच आठवड्यात, २३ मे रोजी, आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेण्यास गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नाव उलटून तीन जवानांनी प्राण गमावले. ते तर या कामासाठीच शिकून तयार झालेले होते. तेव्हा जो वाचला तो पुण्यवान आणि जे गेले ते पापी, असे कोणी म्हणू नये. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा प्रभूने असा तर्क करणाऱ्यांचे तोंड बंद केले होते. विद्या असूनही मनुष्य जातो. नाही असे नाही. परंतु जे आपल्या हाती नाही त्याचे निमित्त करून जे आपल्या हाती आहे ते सोडून देणे, हे कोणत्याही शास्त्राने शिकविलेले नाही.

पौलाच्या जलप्रवासाची गोष्ट मी यापूर्वी अनेकदा वाचून दाखविली होती, पण तिच्यातील एका बारीक गोष्टीकडे माझे लक्ष गेले नव्हते. माल्टा बेटापाशी तारू फुटले, तेव्हा त्यावर २७६ माणसे होती. सर्वांचे प्राण वाचतील असे पौलास आधीच सांगण्यात आले होते. तरी शताधिपतीने हुकूम सोडला की ज्यांस पोहता येते त्यांनी प्रथम उड्या टाकून किनारा गाठावा, आणि बाकीच्यांनी फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर बसून यावे. देवाचे अभिवचन मिळाले म्हणून कोणी फळी टाकून दिली नाही. आणि ज्यास पोहता येत नव्हते त्यास तारवात टाकून कोणी गेले नाही. सर्वच्या सर्व तीरास लागले.

"पाण्यात पडले म्हणजे पोहता येते" असे आपण सहज म्हणतो. ही म्हण कडेवर उभ्या असलेल्या माणसाने केलेली असावी. पाण्यात पडल्याने कोणास पोहता येत नाही. कोणी तरी कासरा धरलेला असतो म्हणून येते. मुलास भिवविण्यासाठी पाण्यात ढकलून देण्याची आपल्याकडे जी वाईट चाल आहे, ती याच म्हणीच्या आधारावर चालते. अशाने मूल पाणी शिकत नाही, शिकविणाऱ्यावरचा विश्वास मात्र गमावते. आणि ज्याचा विश्वास गेला, तो पाण्यात अंग सैल सोडीत नाही.

आता काही कामाच्या गोष्टी सांगून लेख पुरा करितो. उपदेशक बंधूंनी त्या आपापल्या मंडळीत वाचून दाखवाव्या.

२०१६ पासून सरकारच्या 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने आपल्या भागात शेततळी पुष्कळ झाली. त्यांनी फळबागा जगविल्या, हे त्यांचे उपकार मान्य केले पाहिजेत. त्यांतील मोठ्या आकाराची तळी तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशी असतात. ज्याच्या शेतात असे तळे असेल, त्याने चारही बाजूंस खुंट्या रोवून गाठी मारलेले जाड दोर कडेवरून पाण्यात सोडून ठेवावे, म्हणजे घसरलेल्यास धरून वर येता येईल. भोवती कुंपण घालावे. एक जुनी ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन दोरास बांधून जवळ टांगून ठेवावा. हा खर्च एका दिवसाच्या मजुरीहून फारसा अधिक नाही. कुंपणास काही अधिक लागेल.

कोणी बुडताना दिसल्यास ज्यास पोहता येत नाही त्याने उडी घालू नये. लेकरामागे आई गेली व दोघेही गेली, अशा वार्ता वारंवार ऐकू येतात. बुडणारा मनुष्य वाचविणाऱ्याच्या गळ्यास मिठी घालतो. त्यात त्याचा दोष नाही, ती भीतीची मिठी असते. कासरा, बांबू, धोतर, लुगडे, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे व स्वतः कडेवर आडवे पडून ओढावे. प्रेमास धाडसाबरोबर शहाणपणही लागते. बाहेर काढलेल्या मनुष्याचा श्वास बंद असल्यास त्याच्या पोटातून पाणी काढण्यासाठी त्यास उलटे टांगण्यात वा गरगर फिरविण्यात वेळ घालवू नये. त्यास उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने तोंडात श्वास द्यावा, छाती दाबण्याचे माहीत असल्यास तेही करावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटची गोष्ट मुलींविषयी. ज्यांच्या डोक्यावर घागर त्यांसच पाण्याची विद्या नाही, ही आपल्या समाजाची उलटी रीत आहे. लाज आडवी येते म्हणतात. अंगभर कपडे घालून, जाणत्या बायांच्या देखरेखीखाली शिकविता येते. आणि बुडताना अंगावर कपडे असणारच, तेव्हा कपड्यांनिशी शिकणे हेच खरे शिकणे.

आमच्या मिरजगावी यंदाच्या सुटीत तात्यांच्या विहिरीवर चौदा मुले शिकावयास येत होती. त्यांत पाच मुली होत्या. काही आमच्या मंडळीची, काही मराठ्यांची, काही धनगरांची, एक मुसलमान शेजाऱ्याचा मुलगा. कोणाचा आजा कोणास कोठून हाकलीत असे, हे त्यांस ठाऊक नाही. ठाऊक करून द्यावे, पण पोहावयास आल्यावर, असे तात्यांचे म्हणणे पडले, आणि मला ते पटले.

त्या पाच मुलींत एक नऊ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात जो गेला त्याची ती बहीण. पहिले तीन दिवस ती शेवटच्या पायरीवर बसून राहिली व कोणी कितीही म्हटले तरी उतरली नाही. कोणी तिला ओढले नाही. चौथ्या दिवशी तिची आई आली, पायरीवर तिच्या शेजारी बसली आणि दोघींनी गुडघाभर पाण्यात पाय सोडले. सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी ती मुलगी कॅनवाचून चाळीस आकडे होईपर्यंत खोल पाण्यावर राहिली. कासऱ्याचे टोक तिच्या आईच्या हातात होते, आणि आकडे सर्व मुले मिळून मोठ्याने मोजीत होती.